पलंगाखालची सून

‘हो आई, जेवलो. तू जेवलीस का? तुझा गुडघा कसा आहे?’

मोबाइलवर आलेला हा निरोप बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारून त्या गंभीरपणे म्हणाल्या, "अहो, हा आपला मुलगा नाही."

यजमान औषधांच्या दुकानातून नुकतेच घरी जेवायला आले होते. त्यांचा घास हातातच राहिला. "कोण नाही?"

"हा, निरोप लिहिणारा. पाठवल्या पाठवल्या उत्तर आलंय. वर माझा गुडघा विचारलाय."

"मग चांगलंच आहे की. सुधारला मुलगा."

"तुमच्या घराण्यात आजवर कोणी सुधारलंय का?" बाईंनी विचारलं. यजमान पुन्हा जेवू लागले.

बाईंच्या संशयाला कारण होतं. चिरंजीव परगावी वसतिगृहात राहून कॉम्प्युटर शिकत होते. कॉलेजात शिकवतात तेवढ्यावर त्यांचं भागत नसे; रिकामा वेळ मिळाला की ते स्वतःचे प्रोग्रॅम लिहीत आणि दिसेल ती वस्तू दिसेल त्या वस्तूला जोडत. घरी असताना एका सुट्टीत त्यांनी दारावरची घंटी पाण्याच्या पंपाला जोडली होती. त्या आठवड्यात पाहुणे फार आले आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या भिंतींना ओल धरली. अशा या मुलाला यंत्रांशी तासन्‌तास बोलता येई, माणसांशी मात्र नाही. ‘जेवलास का?’ या आईच्या प्रश्नाला तो दोन दिवसांनी ‘हं’ असं उत्तर पाठवी. म्हणजे कोणत्या दिवशीचं जेवण, हेही कळायला मार्ग नसे.

दुसरं कारण बाई स्वतः. शाळेत भूगोल शिकवता शिकवता त्यांची निम्मी हयात परीक्षेच्या वर्गात कॉपी पकडण्यात गेली होती. मुलं त्यांना पाठीमागे ‘दुर्बीण’ म्हणत. त्यांचा एक नियम होता. ढ मुलाने अचानक नेमकं उत्तर लिहिलं, की कौतुक नंतर करायचं. आधी त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघायचं.

पण खरं सांगायचं तर या सगळ्या संशयाच्या तळाशी एक दुःख होतं. मुलगा गेल्यापासून घर गप्प झालं होतं. एकुलता एक पोरगा आपल्याशी चार शब्द बोलत नाही, हे बाईंना आतून खात होतं आणि त्यांनी ते कोणाला सांगितलेलं नव्हतं. आता ते चार शब्द आले होते, तर ते कोणाचे आहेत हे कळल्याशिवाय त्यांना घशाखाली घास उतरणार नव्हता.

सापळा लावायचं बाईंना शिकवायला नको होतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी निरोप धाडला, ‘आज आपलं घर जळून खाक झालं.’

उत्तर तत्काळ आलं. ‘अरे वा, छान! तू जेवलीस का?’

शाळा सुटताच बाईंनी मोबाइल थेट औषधांच्या दुकानात नेऊन यजमानांच्या नाकासमोर धरला. "आता बोला!"

यजमानांनी वाचलं, विचार केला. "घर जळालं तरी आईच्या जेवणाची काळजी आहे पोराला. यात वाईट काय?"

"अहो, तो ‘छान’ म्हणतोय!"

"घाईत असेल. माझं नीट ऐक. समोर गिऱ्हाईक असलं की मीही तुझ्या सगळ्या बोलण्याला छान म्हणतो."

हे वाक्य यजमानांना महागात पडलं, पण तो निराळा विषय आहे. बाई तिथून तरातरा निघाल्या त्या धाकट्या बहिणीकडे. ही बहीण म्हणजे बाईंचं सल्लागार मंडळ. कोणत्याही कोड्याला तिच्याकडे एकच उत्तर असे, आणि आजवर ते कधीच बरोबर आलं नव्हतं.

"ताई, मुलगी आहे," बहीण निरोप वाचताच म्हणाली.

"कोण मुलगी?"

"ते मला काय माहीत? पण तो अभ्यासात, म्हणून त्याच्या फोनवरून ती उत्तरं देतेय. पुरुषाला कधी सुचतं का गं, गुडघा विचारायचं? आणि तू घर जळाल्याचं लिहिलंस. घाबरली असेल बिचारी. होणाऱ्या सासूला काय लिहावं कळेना, म्हणून लिहिलं छान."

"पण ‘जेवलो’ लिहिलंय. ‘जेवले’ नाही."

"म्हणजे हुशार आहे. सून हुशार असावीच."

बाईंना राग यायला हवा होता. पण घरी येताना रस्त्याने त्यांना जाणवलं, की राग काही येत नाहीये. कोणीतरी आपल्या गुडघ्याची आठवण ठेवून विचारतंय, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. कॉपी करणाऱ्या पोराला रंगेहाथ पकडायचं, पण चारचौघांत नाही, एवढी माणुसकी बाईंनी नेहमीच पाळली होती. घरी येऊन त्यांनी सावकाश एकेक अक्षर दाबत लिहिलं, ‘तू कोण आहेस ते मला कळलंय. घाबरू नकोस. मी रागावलेली नाही.’

या वेळी मात्र उत्तर लगेच आलं नाही. बाईंनी कपडे वाळत घातले, काढले, घड्या घातल्या. संध्याकाळी कधीतरी मोबाइल वाजला. ‘सॉरी आई. चुकलंच. आता बंद करू का?’

बाईंचं मन मेणासारखं वितळलं. चूक पकडल्यावर इतक्या सरळपणे कबूल करणारं पोर त्यांच्या पाहण्यात दुसरं नव्हतं. त्यांनी लिहिलं, ‘बंद कशाला? तू लिहीत जा. तो माझ्याशी कधी बोलत नाही. त्याच्यापेक्षा तू बरी बोलतेस.’

बराच वेळ गेला. मग आलं, ‘बरं.’

आणि त्या दिवसापासून बाई बदलल्या. शाळेतून आल्या, की खुर्चीत बसून पाय स्टुलावर टाकायचे आणि मोबाइल हातात घ्यायचा. उत्तरं आता पूर्वीसारखी झटपट येत नसत, पण लांब येत. ‘त्याचं कसं चाललंय?’ असं बाईंनी विचारलं तर कळलं, ‘एका विषयात गाडी अडली आहे. तुला सांगायला घाबरतो. ओरडू नकोस, मेहनत करतोय.’ एरवी बाईंनी फोन करून त्याची हजेरी घेतली असती. पण सुनेने विश्वासाने सांगितलेलं मुलापाशी कसं बोलायचं? त्या गप्प बसल्या. पुढे त्यांनी तिच्यासाठी स्वेटर विणायला घेतला आणि माप विचारलं. ‘मला कशाला स्वेटर?’ असं उत्तर आल्यावर त्या बहिणीला म्हणाल्या, "बघ, किती निरिच्छ आहे!" आणि स्वतःच्या अंदाजाने टाके घातले.

एका दुपारी बाईंनी तिला जे लिहिलं ते त्यांनी यजमानांनाही सांगितलेलं नव्हतं. गुडघ्याचं ऑपरेशन करावंच लागेल असं डॉक्टर म्हणत होते, आणि बाई ते पुढे ढकलत होत्या. यजमान दिवसभर औषधं विकत, पण दवाखान्याचा वास आला तरी त्यांना भोवळ येई. त्यामुळे त्यांना सांगून उपयोग नव्हता. ‘मला फार भीती वाटते गं,’ बाईंनी लिहिलं, ‘टेबलावर झोपवतील, आणि उठलेच नाही तर?’

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ‘भीती वाटणारच आई. पण तू जिन्यावर मध्येच थांबतेस आणि पाऊस येतोय का बघत होते असं खोटं सांगतेस, ते मला बघवत नाही. तू कर ऑपरेशन. डोळे उघडशील तेव्हा मी समोर असेन.’

बाईंनी पदराने डोळे टिपले, डॉक्टरांना फोन लावला आणि होकार कळवला. मग त्या जरा शांत झाल्या, आणि शांत झाल्याबरोबर त्यांच्यातली दुर्बीण जागी झाली. जिन्यावर थांबते ते हिला कोणी सांगितलं? चिरंजीवांनीच सांगितलं असणार. म्हणजे दोघांचं एवढं बोलणं होतं. मग ही आहे तरी कोण, कुठली, कोणाची? इतके दिवस आपण एका अनोळखी मुलीला घरातली गुपितं सांगत बसलो आणि साधी चौकशी केली नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं.

‘तुझे आईवडील काय करतात?’ त्यांनी लिहिलं.

‘मला आईवडील नाहीत.’

बाईंना भरून आलं. ‘मग राहतेस कुठे?’

‘इथेच. त्याच्या खोलीत.’

बाई खुर्चीतून उठल्या. मुलांचं वसतिगृह! ‘खोलीत म्हणजे? कोणी पाहिलं तर?’

‘कोणाला दिसत नाही. पलंगाखाली असते मी.’

‘अगं पण जेवतेस काय?’

‘मला जेवण लागत नाही, आई.’

दुकान भर गिऱ्हाइकीच्या वेळी बंद होण्याचा प्रकार बाजारात प्रथमच घडला. यजमानांना काय झालंय ते बसमध्ये बसल्यावर कळलं.

"पलंगाखाली?" ते ओरडले.

"हळू! आधीच पोरीची अब्रू टांगणीला लागलीय. आपला दिवटा बोलत नाही म्हणून मी आजवर त्याला साधा समजत होते. आईबापाविना पोर पलंगाखाली उपाशी ठेवलीय त्याने!"

"पण ती का राहते पलंगाखाली?"

"तेच विचारायला चाललोय ना?" बाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर चार माणसं जेवतील एवढा डबा होता आणि पिशवीत स्वेटर.

वसतिगृहाच्या दारात रखवालदार बसला होता. येणाऱ्याजाणाऱ्याकडे तो ज्या नजरेने बघत होता ती नजर बाईंनी लगेच ओळखली, कारण ती त्यांची स्वतःची होती.

"पिशवीत काय?" त्याने विचारलं.

"डबा आहे. मुलासाठी."

"आणि हे?" त्याने स्वेटर बोटाने उचलून धरला. गुलाबी होता, नाजूक होता आणि गळ्याला फुलं होती. "हा पण मुलासाठी?"

आयुष्यात बाई कधी परीक्षकाशी खोटं बोलल्या नव्हत्या. पण आज पोरीला वाचवायचं होतं. "तो माझा आहे," त्या म्हणाल्या.

रखवालदाराने स्वेटरकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. त्या स्वेटरात बाईंचा एक हात जेमतेम गेला असता. "जा," तो म्हणाला, आणि ते जिना चढू लागताच दबक्या पावलांनी मागून निघाला.

चिरंजीव खोलीत एकटेच होते. टेबलावर तारांचं भेंडोळं होतं, त्यात कसलासा दिवा लुकलुकत होता. दारात आईवडील बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "आई? तू... इथे..."

"बाजूला हो," बाई म्हणाल्या. त्यांनी डबा नवऱ्याच्या हाती दिला, दुखरा गुडघा कसाबसा वाकवला आणि पलंगाखाली तोंड घालून मायेने हाक मारली, "ये पोरी बाहेर. मी आलेय. आता घाबरायचं कारण नाही."

"मुलगी!" दारातून आवाज आला. रखवालदाराने आत झेप घेतली आणि पलंगाखाली थेट कंबरेपर्यंत शिरला. "वाटलंच होतं मला! वाटलंच होतं! या खोलीवर माझा डोळा होता!"

"खबरदार तिला हात लावलात तर!" बाई गरजल्या.

आतून खडखड आवाज झाला. रखवालदार उलटा उलटा बाहेर आला. त्याच्या केसांत जळमटं होती आणि हातात एक जुनापुराणा लॅपटॉप होता. पडदा फुटलेला, बिजागरीला चिकटपट्टी, अंगावर बोटभर धूळ.

"मुलगी कुठाय?" रखवालदाराने विचारलं.

"तेच मी विचारतेय," बाई म्हणाल्या.

"कसली मुलगी?" चिरंजीव म्हणाले.

मग रखवालदाराने कपाट उघडून पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, खिडकीतून खाली डोकावून पाहिलं. रिकाम्या हाताने जाणं त्याच्या जिवावर आलं असावं. शेवटी कोपऱ्यातली पाणी तापवायची विजेची किटली त्याने नियमाविरुद्ध म्हणून जप्त केली आणि "माझं लक्ष आहे," असं यजमानांना बजावून तो निघून गेला.

"हे काय आहे?" बाईंनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

"तीच," चिरंजीव पुटपुटले. "म्हणजे... ज्याच्याशी तू बोलतेस. तुला कळलं होतं ना? तूच लिहिलंस, कोण आहेस ते कळलंय."

मग ओढून काढावं तसं एकेक वाक्य बाहेर आलं. चिरंजीवांना आईला उत्तर लिहायचं राहून जायचं, आणि राहून गेलं की वाईट वाटायचं. म्हणून त्यांनी एक प्रोग्रॅम लिहून या जुन्या लॅपटॉपवर चढवला. आईच्या निरोपात ‘जेवलास’ दिसलं की ‘जेवलो’ पाठवायचं, शेवटी जेवणाची, कधी गुडघ्याचीही विचारपूस करायची. जे समजणार नाही त्याला ‘अरे वा, छान’ म्हणायचं.

"घर जळालं त्याला छान म्हणाला तो," यजमान म्हणाले. न ऐकता छान म्हणणारे आपण एकटेच नाही, याचा त्यांना दिलासा वाटला होता.

बाई मटकन पलंगावर बसल्या. इतक्या दिवसांचं बोलणं, गुपितं, तो स्वेटर, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "म्हणजे ती नाहीच? मी या डबड्याशी बोलत होते?"

"नाही," चिरंजीव म्हणाले.

"काय नाही?"

"ते... बंद पडलं होतं. आठवडाभरसुद्धा चाललं नाही. खोलीतल्या दुसऱ्याने इस्त्रीसाठी वायर उपटली, तेव्हापासून मेलंय ते."

बाईंनी मान वर केली. लॅपटॉपवरची धूळ त्यांनी आता नीट पाहिली. एवढी धूळ काल-परवाची नव्हती. "मग मला कोण लिहीत होतं?"

चिरंजीव पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागले.

"अरे बोल ना! आईवडील नाहीत म्हणून कोणी लिहिलं?"

"यंत्राला कुठे असतात आईवडील?" ते फरशीला म्हणाले. "कळलंय म्हणून तुझा निरोप आला, तेव्हा ते बंदच होतं. मी म्हटलं आता संपलं. तर तू म्हणालीस, बंद करू नकोस, त्याच्यापेक्षा तू बरी बोलतेस. मग... ते बंद पडलंय हे कसं सांगणार? तुला आवडत होतं ते. म्हणून मी त्याच्यासारखं लिहायला लागलो. तू मशीनला ‘बरी’ म्हणालीस, म्हणून मीही ‘असते मी’ लिहिलं."

यजमानांनी कपाळाला आठ्या घातल्या. "थांब थांब. म्हणजे यंत्र तुझी नक्कल करत होतं, आणि मग तू यंत्राची?"

"हो."

"आणि हिला वाटत होतं सून आहे."

"सून?" चिरंजीवांनी पहिल्यांदा वर पाहिलं आणि मग त्यांची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या गुलाबी बाहीवर गेली.

पण बाईंचं या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. त्या एकच गोष्ट घोळवत होत्या. "ते जिन्याचं..." त्या हळूच म्हणाल्या, "पाऊस बघत होते म्हणून मी सांगते, ते तू लिहिलंस?"

चिरंजीवांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शब्द काही फुटला नाही. कान तेवढे लाल झाले. यंत्राच्या नावाने जे पानभर लिहिता येत होतं, त्यातलं एक अक्षर आईच्या तोंडावर बोलता येत नव्हतं.

"तोंडाने बोल की रे!" यजमान वैतागले. "आई एवढ्या लांबून आलीय!"

चिरंजीवांनी खिशातून मोबाइल काढला, भिंतीकडे तोंड केलं आणि भराभर अंगठे चालवले. बाईंच्या पर्समध्ये टुणटुण वाजलं.

बाईंनी चष्मा लावला. ‘हो. मीच. सगळं मीच.’

त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. समोर हाताच्या अंतरावर त्यांचा मुलगा पाठमोरा उभा होता. त्याला जवळ घ्यावं असं त्यांना फार वाटलं, पण तसं केलं असतं तर तो खिडकीतून उडी मारून पळाला असता. म्हणून त्यांनीही अंगठे चालवले. ‘मग ठरल्याप्रमाणे येशील ना? डोळे उघडताना?’

त्याच्या हातात टुणटुण वाजलं. बाईंच्या हातात वाजलं. ‘आदल्या दिवशीच येतो. आणि तो अडलेला विषय सुटला, आई.’

बाई हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदम. चिरंजीवही भिंतीकडे बघून हसत असावेत, कारण त्यांचे खांदे हलत होते. खोलीच्या मधोमध, दोन्ही हातांत डबा धरून उभे असलेले यजमान कधी हिच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत होते. त्यांचा मोबाइल काही वाजत नव्हता.

"काय चाललंय काय तुमचं?" त्यांनी विचारलं. "कुठे येतोय हा? डोळे कोणाचे? अगं, मला संशय येतोय, तुम्ही दोघं मिळून माझ्यापासून काहीतरी लपवताय."

बाईंनी डोळे पुसले. ऑपरेशन हा शब्द त्यांच्या ओठांवर आला आणि यजमानांचा तो भोळा, काळजीने ताणलेला चेहरा पाहून तिथेच अडला.

"काही नाही हो," त्या म्हणाल्या. "घरी पोचल्यावर मी तुम्हाला निरोप पाठवते."